दगडाचा रिमोट कसा कोरायचा

सुरुवात दगडापासून करायची नाही. आधी एक बंद पडलेला रिमोट घ्या, मागचं झाकण काढा, सेल बाजूला ठेवा आणि जोडाच्या फटीत पातळ पट्टी घालून फिरवा. कट्‌कट् आवाज होत दोन शिंपले वेगळे होतील. आत एक पातळ पाटी, आणि तिच्यावर अंथरलेली रबराची चादर. तुम्ही इतकी वर्षं दाबत आलात ती सगळी बटणं म्हणजे त्या एकाच चादरीला आलेले फुगवटे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोरताना हात वेगळा चालतो.

मी दगडाकडे आलो तो दुरुस्तीच्या टेबलावरून. वीस वर्षं रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, रिमोट उघडले आणि मिटवले. त्यामुळे पहिला रिमोट कोरताना मला वाटलं, ही वस्तू तर आपल्याला पाठ आहे. कॅलिपर लावून कोरला, मापात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. टेबलावर ठेवला तर घरी आलेल्या पाहुण्यानं विचारलं, "साबण कोरलात का?"

चूक मापात नव्हती, बाजूंमध्ये होती. मी बाजू गुण्या लावून काटकोनात उतरवल्या होत्या, आणि साच्यातून निघालेली प्लास्टिकची वस्तू कधीच तशी नसते. साचा उघडताना ती आत अडकू नये म्हणून भिंतींना किंचित उतार दिलेला असतो, साधारण एक-दोन अंशांचा. रिमोटची वरची कवची एका साच्यातली, खालची दुसऱ्या. वरची वर निमुळती होत जाते, खालची खाली. सगळ्यात रुंद जागा मधोमध, जिथे दोन्ही कवच्या भेटतात तिथे. आपल्या डोळ्यांना हा उतार कधी जाणवलेला नसतो, पण बोटांना माहीत असतो. तो नसला की वस्तू साबण होते, वीट होते, काहीही होते, रिमोट होत नाही. दगडात खरा उतार दिला तरी कमी वाटतो, म्हणून मी तो तीन-चार अंशांपर्यंत वाढवतो. एवढी लबाडी चालते.

दुसरी खूण म्हणजे जोडाची फट. चारी बाजूंनी फिरणारी, मिलिमीटरभर रुंद. ती कोरली की बघणाऱ्याला आपोआप वाटतं, हे उघडतं. तिसरी खूण कोपरे. साच्यात अगदी धारदार कोपरा सहसा ठेवत नाहीत. प्रत्येक कडेला छोटी गोलाई असते, आणि तीही सगळीकडे सारखी नसते. हाताकडची मोठी, टीव्हीकडच्या टोकाची लहान. उघडलेला रिमोट समोर ठेवून या तीन गोष्टी वहीत काढून घ्या. बटणांची संख्या नंतर मोजली तरी चालेल.

माप ठरवताना एकच पथ्य पाळा: एक तर अगदी खऱ्याएवढा करा, नाहीतर सरळ दुप्पट. सव्वापट केलेली वस्तू चुकल्यासारखी दिसते. खऱ्याएवढ्या वस्तूची गंमत वजनात आहे. १८ सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २.२ जाड असा रिमोट संगमरवरात केला तर अर्ध्या किलोच्या वर भरतो, कारण संगमरवराचं वजन घनसेंटिमीटरला साधारण २.७ ग्रॅम. माणूस सवयीनं उचलायला जातो आणि मनगट क्षणभर खाली जातं. दुप्पट केला तर वजन दुप्पट नव्हे, आठपट होतं, सव्वाचार किलो. तो कुणी उचलत नाही, नुसता बघतात. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

दगड

पहिली वस्तू शंखजिऱ्याच्या दगडात करा, ज्याला सोपस्टोन म्हणतात. नख लागेल इतका मऊ असतो, साध्या कानशीनं घासला जातो, हॅक्सॉनं कापला जातो. दगडाचा कठीणपणा मोजायच्या मोह्‌स (Mohs) नावाच्या मापात शंखजिरं १ वर आहे, संगमरवर ३ च्या आसपास, बेसाल्ट ६ च्या आगेमागे, ग्रॅनाइट ६ ते ७. हाताची टाकी संगमरवरापर्यंत आनंदानं चालते. पुढे कार्बाइडचं तोंड असलेली टाकी आणि डायमंडच्या चकत्या लागतात, आणि कामाचा वेग एवढा उतरतो की आपण काय कोरायला बसलो होतो ते विसरायला होतं.

दगड घेताना तो टांगून किंवा दोन काठ्यांवर ठेवून हातोडीनं हलकं टिचकवा. खणखणीत वाजला तर घ्या. 'भद्' वाजला तर आत भेग आहे, कितीही देखणा असला तरी सोडा. शंखजिरं मुळातच जरा बसक्या आवाजाचं असतं, त्यामुळे तिथे दुसरी परीक्षा करा. दगड पूर्ण भिजवा आणि वाळत जाताना बघत बसा. सगळा वाळला तरी एखादी बारीक ओली रेघ मागे राहते. तीच ती. रिमोट त्या रेघेला टाळून बसत असेल तर ठीक, नाहीतर हा दगड पेपरवेटला ठेवा.

संगमरवराच्या शिरांबद्दल एक सूचना. करडी शीर दिसायला छान, पण बटणांच्या रांगेतून तिरकी गेली की नजर तिच्यामागे जाते आणि बटणं नाहीशी होतात. शीर मागच्या बाजूला न्या, किंवा लांबीच्या दिशेनं. मी एकदा ती मुद्दाम वर ठेवली होती, काहीतरी कलात्मक होईल म्हणून. रिमोटला तडा गेलाय असं सगळ्यांना वाटलं.

धूळ

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. दगडाच्या धुळीतली जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि परत येत नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, भरपूर असतं. त्याच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. संगमरवरात क्वार्ट्झ फार थोडं, पण ती धूळही फुप्फुसात साठवायची चीज नाही. शंखजिऱ्याच्या काही दगडांत ॲस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू असू शकतात, त्यामुळे 'मऊ दगड, मऊ धूळ' असा समज करून घेऊ नका.

म्हणून जमेल तिथे ओलं काम करा. यंत्र चालवताना फडकं बांधून भागत नाही; निदान एन-९५ मास्क, आणि रोज काम करणार असाल तर फिल्टरच्या डब्या लागणारा रबरी मास्क. दाढी असेल तर तो नीट चिकटत नाही, हे मी स्वतःच्या दाढीची किंमत देऊन शिकलो. कामानंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कामाचे कपडे कामाच्या जागीच काढा. डोळ्यांना गॉगल हवाच. आणि पाण्यासोबत विजेचं यंत्र वापरताना लाइनला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे का ते बघा. माझा शॉकचा कोटा मागच्या धंद्यात भरलाय, तुमचा अजून शिल्लक असेल.

आखणी आणि पहिला घाव

रिमोटच्या सहाही बाजू कागदावर खऱ्या मापानं काढा. दगडाचा तुकडा सगळीकडून तीन-चार मिलिमीटर मोठा कापून घ्या. एक बाजू सपाट घासून घ्या आणि तीच शेवटपर्यंत मापाची बाजू माना. मग मधोमध एक रेघ मारा, ती टोकावरून खाली नेऊन मागच्या बाजूनं परत वर आणा. ही मधली रेघ पुसली गेली की पुन्हा मारायची, पुसली गेली की पुन्हा मारायची. दोन्ही बाजूंचा उतार तिच्यावरूनच मोजायचा आहे. पांढऱ्या दगडावर मार्कर किंवा रंगीत शाई वापरू नका, ती आत मुरते आणि पॉलिश केल्यावर भुतासारखी वर येते. साधी पेन्सिल चालते, आणि पक्की खूण हवी तिथे पोलादी टोकानं ओरखडा काढा.

तुकडा शिकंज्यात आवळू नका, वाळू भरलेल्या पिशवीवर ठेवा. वाळू घाव पिते आणि दगड हवा तसा कलता ठेवता येतो. टोकदार टाकीनं जादाचा दगड उडवा, दातेरी टाकीनं पृष्ठभाग सारखा करा, सपाट टाकीनं तो बसवा. शंखजिऱ्यात यातलं बरंचसं काम कानसच करते. टाकी कुठल्याही दगडावर कडेकडून आत चालवायची. आतून कडेकडे चालवली तर शेवटच्या घावाला कड ढलपी होऊन उडते, आणि रिमोटचा जीव सगळा कडेतच असतो.

जोडाची फट या टप्प्यावरच पाडून घ्या. शंखजिऱ्यात हॅक्सॉ ब्लेडचा हातभर नको, वीतभर तुकडा पुरतो. एका टोकाला चिंधी गुंडाळा आणि हलक्या हातानं ओढा. संगमरवरात ब्लेडचे दात लगेच जातात, तिथे पातळ डायमंड चकती लावा. आधी फट आणि नंतर उतार, हा क्रम ठेवा. फट हीच सगळ्यात रुंद जागा आहे, तिच्यापासून वर आणि खाली घासत गेलं की उतार आपोआप बरोबर पडतो. माझ्या पहिल्या तीन रिमोटांत मी हे उलट केलं होतं आणि फट लाटेसारखी वर-खाली गेली.

बटणं

नवा माणूस इथे एकेक बटण वेगळं कोरायला बसतो. चाळीस बटणं, प्रत्येकाभोवती खणायचं, आणि विसाव्यापर्यंत रांग वाकडी झालेली. रबराची चादर आठवा. बटणं एकाच पृष्ठभागाची आहेत, म्हणून आधी सगळ्या बटणांची मिळून एकच पट्टी उंच ठेवा, आजूबाजूची पातळी दीड-दोन मिलिमीटरनं खाली घ्या. चौकोनी बटणं असतील तर पट्टीवर आधी सगळ्या उभ्या चरी पाडा, मग सगळ्या आडव्या. दोन दिशांच्या चरींतून बटणं आपोआप उभी राहतात आणि रांग हलत नाही.

गोल बटणांसाठी पोकळ डायमंड बिट वापरा, काचेला भोक पाडायला वापरतात तसलं. बिटाच्या आतला व्यास म्हणजे तुमचं बटण. बिटावर टोकापासून दोन मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, दगडावर पाण्याचं थारोळं करा, आणि बिट अगदी सरळ धरून हळू फिरवा. चिकटपट्टी टेकली की थांबा. एक गोल चर पडते आणि मधे बटण उरतं. बिट सुरुवातीला घसरतं, म्हणून तेवढ्याच व्यासाचं भोक पाडलेली लाकडी पट्टी दगडावर दाबून धरा आणि बिट त्यातून उतरवा. भोकाच्या कडेला लागलेलं पाणी लाकूड फुगवतं, दर दहा बटणांनी पट्टी बदला.

बटण दिसतं ते त्याच्या उंचीमुळे नाही, भोवतालच्या सावलीमुळे. चर जेवढी रुंद त्याहून थोडी खोल ठेवली तरच तिच्यात अंधार राहतो. उथळ चर असेल तर कितीही सफाईनं कोरा, लांबून सगळं सपाट.

मग बटणांचा माथा. तो सपाट ठेवू नका, घासकागदानं किंचित गोल करा. आणि आता तुमच्या घरातला खरा रिमोट हातात घेऊन बघा, कुठली बटणं झिजलीत. आवाजाची दोन, चॅनेलची दोन आणि चालू-बंदचं. त्यांचे माथे इतरांपेक्षा जरा खाली घासा आणि जास्त गुळगुळीत करा. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण वस्तू वापरलेली वाटेल. आकडे आणि अक्षरं मी कोरत नाही. तीन मिलिमीटरचा आकडा दगडात कोरता येतो, पण तो कोरला की लोक फक्त आकडे वाचतात आणि कारागिराच्या डोळ्यांचं कौतुक करतात. मला ते कौतुक नको असतं.

टोकाला पाच मिलिमीटरच्या एलईडीचा फुगवटा ठेवायला विसरू नका. पुढचं टोक उतरवताना तो उडतो, माझा दोनदा उडाला, म्हणून तिथे सुरुवातीपासून पाच-सहा मिलिमीटरची जादा गाठ ठेवून द्या.

मागचं झाकण तुटलं म्हणून गुंडाळलेला रबरबँड कोरायचा असेल (मला तो फार आवडतो) तर त्याचाही दगड पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो, कारण दगडात नंतर काही वाढवता येत नाही. मिलिमीटरभर उंच, दोन रुंद अशी पट्टी. कडेवरून वळताना तो रुंदीला थोडा कमी करा, तिथे तो ताणलेला असतो. आणि एका जागी पीळ द्या. पीळ दिला की रबर झालं.

वायर

रिमोट जमला की माणसाला चार्जर आणि इअरफोन सुचतात, आणि वायरपाशी दगड नकार देतो. दगड दाब कितीही सोसतो, ओढ आणि वाक सोसत नाही. ओढ सोसायची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी. हा जुना त्रास आहे. ग्रीकांच्या ब्राँझच्या पुतळ्यांच्या रोमन काळात संगमरवरी प्रती झाल्या, तेव्हा पायाला टेकून झाडाचं खोड आलं. ब्राँझ घोट्यावर उभं राहतं, दगड राहत नाही.

मी हे माहीत असून केलं. चार्जरच्या वायरीचा एक फास तळापासून उचललेला, कमानीसारखा, चार मिलिमीटर जाड. चौदा दिवस लागले. कमानीखालचा शेवटचा दगड काढताना मी घाई केली आणि कानस सोडून फिरतं बिट घातलं. तुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही, यंत्राच्या आवाजात ते विरलं. बिट बाहेर काढलं तेव्हा कमानीचे तीन तुकडे चिखलात पडले होते. इपॉक्सीत दगडाची पूड कालवून जोडून बघितलं; जोड बसला, पण तिथे दगड ओला असल्यासारखी काळसर रेघ दिसत राहिली. ते तीन तुकडे अजून स्क्रूच्या डब्यात आहेत. नवी पॉलिश पावडर आली की आधी त्यांच्यावर लावून बघतो.

तेव्हा वायर जमिनीवर झोपलेलीच कोरा. गोल वायरीचा वरचा दोन तृतीयांश भाग सुटा करा आणि खालचा तळाला चिकटलेला राहू द्या. बाजूंनी थोडं आत खरवडलं की खाली सावली पडते आणि ती टेकलेली आहे हे कळत नाही. एका वायरीवरून दुसरी जाते तिथे वरची खरंच चढलेली दाखवा, नाहीतर काळ्या दगडावरची रेघ होऊन बसते. प्लगपाशी वायर जिथे आत शिरते तिथली रबरी बाही कोरा, तिच्यावरच्या आडव्या खाचा कोरा, आणि वायर नेमकी तिथेच मोडल्यासारखी वाकवा. खऱ्या चार्जरच्या वायरी तिथेच जातात. मी शेकड्यानं सोल्डरचे डाग दिलेत.

पॉलिश

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा घासकागद (नंबर जेवढा मोठा तेवढा बारीक), १२० पासून सुरू करा, मग २२०, ४००, ८००, १५००, हवं तर ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीचे ओरखडे आडवे असतील तर आता उभं घासा. जुना एकही ओरखडा दिसत नाही तोवर पुढचा कागद उचलायचा नाही. दोन नंबरांच्या मधे दगड आणि हात दोन्ही धुवा, १२० चा एक कण १५०० मध्ये शिरला तर सगळं मागे जाऊन करावं लागतं. संगमरवर साफ करायला आम्ल कधी वापरू नका, तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, लगेच खाल्ला जातो आणि चकाकी मरते. तारेचा घासणाही नको. त्याचे कण अडकून गंजतात आणि पांढऱ्यावर तांबूस ठिपके येतात.

आणि सगळीकडे चकाकी आणू नका. कवची ४०० वर सोडा, बटणं ८०० वर, झिजलेली बटणं १५०० वर, रबरबँड १२० वर. एकाच दगडात चार पदार्थ दिसायला लागतात. आय वेवे या चिनी कलावंतानं २०१० मध्ये पाळत ठेवणारा कॅमेरा पांढऱ्या संगमरवरात केला. त्यात भिंगही संगमरवराचंच आहे, काच नाही की रंग नाही, तरी ते आपल्याकडे बघतं.

चकाकीचा खरा खेळ काळ्या बेसाल्टमध्ये. टाकी लागलेला बेसाल्ट करडा दिसतो, पॉलिश केलेला काळाभोर. त्यात मोबाइल करा. मोबाइलला कोरण्यासारखं काही नसतंच, म्हणून तो सगळ्यात अवघड. सपाटपणा जरा हुकला की पडद्यात दिव्याचं प्रतिबिंब वाकडं होतं आणि चोरी पकडली जाते. त्यासाठी वॉटर पेपर जाड काचेवर पसरा आणि दगड त्याच्यावर घासा, कागद दगडावर नाही. १५ बाय ७ सेंटिमीटर, ८ मिलिमीटर जाड असा बेसाल्टचा फोन साधारण २४० ग्रॅम भरतो. म्हणजे रिमोटसारखं मनगट खाली जात नाही, खरा फोनच जवळपास दगडाएवढा जड झालाय. पडदा आरशासारखा झाल्यावर ८०० च्या कागदाचा अंगठ्याएवढा तुकडा घ्या आणि खालून वर एकदाच, किंचित तिरका ओढा. बोट फिरवल्याचा तेलकट पट्टा उमटतो. दुसऱ्यांदा ओढायचा मोह होईल, ओढू नका.

शेवटी रिमोट उलटा करा. मागे झाकणाची चौकट आणि अंगठ्यानं दाबायची जागा, तिच्यावरच्या तीन-चार बारीक रेघांसकट. मॉडेल नंबरचं लेबल असतं तेवढा आयत पॉलिश करून त्यात सही आणि साल घाला. खाली फेल्टचे तुकडे चिकटवा, तीनच. चार लावले तर टेबलावर डुगडुगतो.